जाड टर्मिनलची बॅटरी, बारीक लगची गाडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे २०१३ ची पेट्रोल वॅगन-आर आहे आणि तिची ३५ एएचची (एएच म्हणजे ॲम्पिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी संपली आहे. मेव्हण्यांची गाडी अपघातानंतर भंगारात गेली, तिच्यातली आठ महिने वापरलेली डिन ४४ बॅटरी (जर्मन डिन मापाची, ४४ एएचची) त्यांनी तुम्हाला दिली. ती लावायला गेलात तर तिचे टर्मिनल जाड निघाले आणि तुमच्या वायरींच्या टोकाचे लग, म्हणजे टर्मिनलवर आवळायच्या कड्या, बारीक. एक मेकॅनिक म्हणतो, "कानस मारून पाच मिनिटांत बसवून देतो." दुसरा म्हणतो, "अडॅप्टर टाका." कोणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

चिपळूणला माझं बॅटरीचं आणि ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, सव्वीस वर्षं हेच काम करतो. सरळ उत्तर आधी देतो. बॅटरीच्या पोस्टला, म्हणजे टर्मिनलच्या खुंट्याला, कानस लावू देऊ नका. आणि अडॅप्टरचा विचार करण्याआधी घरातली टेप घ्या आणि दोन्ही बॅटऱ्या मोजा, कारण तुमची खरी अडचण टर्मिनलची नाहीच. टर्मिनल बसत नाही हे तुम्हाला दिसलं एवढंच. ती बॅटरी त्या जागेसाठी बनलेलीच नाही.

मापं बघा. मारुतीच्या लहान पेट्रोल गाड्यांत ३५ एएचची जी बॅटरी येते तिच्यावर ३८ बी २० एल असं छापलेलं असतं. हा जपानी जेआयएस पद्धतीचा नंबर. यातला ३८ हा ताकदीचा आकडा आहे, एएच नव्हे. पुष्कळ गिऱ्हाइकं इथेच फसतात. बी हा रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी साधारण २० सेंटीमीटर, आणि एल किंवा आर हे अक्षर पॉझिटिव्ह कोणत्या बाजूला येतो ते सांगतं. त्याच्यापुढे आणखी एस असेल तर टर्मिनल जाड. म्हणजे ३८ बी २० एल बारीक टर्मिनलची, ३८ बी २० एलएस जाड टर्मिनलची, डबा दोन्हींचा एकच. बारीक टर्मिनलला आमच्याकडे सगळे पेन्सिल टर्मिनल म्हणतात, दुकानात तोच शब्द वापरा.

या बॅटरीचा डबा १९७ मिलिमीटर लांब, १२९ रुंद आणि २०३ उंच असतो. टर्मिनल त्याच्यावर उभे असतात, त्यांच्यासकट उंची २२७. डिन ४४ आहे २०७ लांब, १७५ रुंद आणि १७५ किंवा १९० उंच, आणि तिचे टर्मिनल झाकणातल्या खाचेत खाली बसवलेले असतात. लांबीत फक्त एक सेंटीमीटरचा फरक आहे म्हणून लोकांना वाटतं बसेल. पण रुंदीत ४६ मिलिमीटर जास्त! तुमच्या गाडीचा ट्रे १२९ रुंदीच्या डब्यासाठी आहे. डिन त्याच्या कडेवर चढून बसेल, एका बाजूने अधांतरी राहील.

पकडीचाही प्रश्न आहे. तुमच्या गाडीत बॅटरीवरून एक पत्र्याची पट्टी जाते आणि दोन आकड्यांच्या सळ्या तिला खाली ओढून धरतात. डिन बॅटरीची पद्धत वेगळी: तिच्या बुडाला एक ओठ असतो आणि त्या ओठावर पाचर दाबून बोल्ट मारतात. तुमच्या ट्रेमध्ये ती पाचर बसवायला जागाच नाही. वरची पट्टी वापरावी तर सळ्यांचं अंतर आणि उंची दोन्ही जुळत नाहीत. मग पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. ट्यूबच्या रबराची पट्टी गुंडाळून बॅटरी बांधली जाते आणि पहिल्याच पावसाळ्यात, खड्ड्यांच्या रस्त्यावर, ती नाचायला लागते. बॅटरीच्या आतल्या प्लेटांवरचं मिश्रण हादऱ्यांनी झडून तळाशी साचतं, आणि हलणाऱ्या बॅटरीचा सगळा ताण वायरींतून पोस्टवर येतो. मग पोस्टच्या बुडाशी बारीक चीर जाते, तिथून ॲसिड झिरपतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, बॅटरी खराब निघाली.

म्हणून तुमच्यापुरतं सांगायचं तर ती डिन ४४ या गाडीत लावू नका. तिचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

पण तुमच्यासारखा प्रश्न महिन्यातून चार-पाच जण विचारतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा डबा बरोबर असतो, फक्त टर्मिनल वेगळा आलेला असतो. दुकानदाराने एलएस दिली, गाडीला एल हवी होती. किंवा उलट, गाडीचे लग जाड आणि बॅटरी पेन्सिलची. तेव्हा काय करायचं हे समजून घ्या, कारण चुकीचा सल्ला सगळीकडे सारखाच मिळतो.

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं तेव्हा माझ्या दुकानातही पाणी होतं. पाणी ओसरल्यावर एका वेळी इतक्या गाड्यांना बॅटऱ्या लागल्या की ज्याला जी मिळाली ती त्याने लावली. त्या घाईत कोणी काही चुकीचं केलं असं मी म्हणणार नाही, लोकांना गाडी चालू हवी होती, घरात आजारी माणसं होती. पण पुढची दोन वर्षं त्या गाड्या माझ्याकडे येत राहिल्या. कोणाचे पोस्ट कानस मारून उंदराने कुरतडल्यासारखे झालेले, कोणाच्या पोस्ट आणि लगच्या फटीत खिळा ठोकलेला, कोणाला शीतपेयाच्या डब्याचा पत्रा गुंडाळलेला. एका गाडीत तर जाड पोस्टवर बारीक लग बसेना म्हणून तो उघडून नुसता वरून टेकवला होता आणि दोरीने बांधला होता. त्या कामातून मी जे शिकलो तेच इथे लिहितोय.

कानस का नको? बॅटरीचा पोस्ट हा भरीव शिशाचा खुंटा आहे असं वाटतं. तसं नसतं. झाकणाच्या प्लॅस्टिकमध्ये शिशाचं एक बुश ओतून बसवलेलं असतं. आतल्या प्लेटांचा खांब त्या बुशातून वर येतो आणि माथ्यावर दोन्ही एकत्र वितळवून जोडतात. म्हणजे बाहेरून दिसतं ते बुश आणि आत खांब. जाड पोस्टचा माथा पॉझिटिव्हला १७.५ मिलिमीटर आणि निगेटिव्हला १५.९ असतो. बारीक पोस्ट अनुक्रमे १४.७ आणि १३. म्हणजे जाडाचा बारीक करायला व्यासात जवळजवळ तीन मिलिमीटर घालवावे लागतात, सगळ्या बाजूंनी दीड-दीड. तेवढं शिसं त्या बुशाच्या भिंतीतून जातं. वरून कानस जोरात चालवताना पोस्ट हलतो तो वेगळाच, आणि प्लॅस्टिकशी असलेली त्याची पकड सैल होते.

दुसरं कारण निमुळतेपणाचं. पोस्ट सरळ नसतो, वर निमुळता होत जातो: दर नऊ मिलिमीटर उंचीला व्यास एक मिलिमीटरने कमी. लगचं भोकही आतून त्याच उताराचं असतं. म्हणून लग खाली दाबून बसवला की सगळ्या अंगाने पोस्टला चिकटतो, बाटलीच्या तोंडात बूच बसावं तसा. हाताने कानस मारून हा उतार जमत नाही. मला जमत नाही आणि माझ्यापेक्षा चांगला हात असलेल्या माणसालाही जमलेला मी पाहिला नाही. पोस्ट कुठे चपटा होतो, कुठे फुगीर राहतो, मग लग दोन-तीन ठिकाणीच टेकतो. पाना लावून कितीही आवळा, बाकी जागी हवाच राहते.

त्या हवेने काय बिघडतं? इथे आकडे महत्त्वाचे आहेत. लहान पेट्रोल गाडीत सेल्फ मारताना १०० ते १५० ॲम्पिअर करंट वाहतो, पहिल्या झटक्याला त्याहून जास्त. डिझेल गाडीत याच्या दुप्पट धरा. समजा सैल लगमुळे त्या जोडात ओहमचा फक्त शंभरावा भाग इतका अडथळा आला. १२० ॲम्पिअर वाहताना तिथेच १.२ व्होल्ट खर्ची पडतात, आणि तेवढ्या जागेत १४४ वॅट उष्णता तयार होते. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब हाताला किती चटका द्यायचा ते आठवा. तसा दीड बल्ब त्या लगच्या आत पेटतो. शिसं मऊ पडतं, जोड आणखी सैल होतो, अडथळा आणखी वाढतो.

गेल्या दिवाळीच्या सुमारास कराडहून कुंभार्ली घाट उतरून एक कुटुंब गाडी घेऊन आलं. तक्रार अशी की बॅटरी नवी, चार महिन्यांची, सकाळी सेल्फ नीट घेत नाही. दोन ठिकाणी बॅटरी तपासून झाली होती, दोन्हीकडे चांगली निघाली. मी मीटरची लाल पिन पोस्टच्या माथ्यावर टेकवली आणि काळी पिन त्याच पोस्टवरच्या लगला. गिऱ्हाइकाला सेल्फ मारायला सांगितलं. जिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं तिथे मीटरवर १.३ आलं. लग काढला तर आतल्या अंगाला दोन चकचकीत रेघा आणि बाकी सगळा काळा. पोस्टवर कानशीचे ओरखडे. बॅटरीच्या दुकानात पोस्ट बारीक करून दिला होता आणि आता वॉरंटीत बदलून मिळत नव्हती, कारण पोस्टला हत्यार लागलं होतं. नव्या बॅटरीचे पैसे त्यांना दुसऱ्यांदा घालावे लागले.

ही मीटरची चाचणी शिकून घ्या, साधा डिजिटल मीटर पुरतो. एक पिन पोस्टवर, दुसरी त्याच्याच लगवर, लगच्या बोल्टवर नव्हे. दुसऱ्या माणसाने सेल्फ मारायचा. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर जोड उत्तम. ०.२ च्या वर गेलं तर उघडून साफ करा. अर्धा व्होल्ट आला तर तशी गाडी वापरू नका. हे दोन्ही पोस्टना करायचं. निगेटिव्हकडे कोणी बघत नाही आणि निम्मे दोष तिथेच असतात.

सैल लगचा आणखी एक धोका आहे, त्याने बॅटरीपेक्षा महाग वस्तू जातात. गाडी चालू असताना लग क्षणभर सुटला तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) करंट अचानक जायला जागा राहत नाही आणि गाडीच्या वायरिंगमधला व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळतो. अल्टरनेटरचे डायोड, इंजिनचा कंप्युटर, म्युझिक सिस्टिम, सगळं त्या एका झटक्यात जाऊ शकतं. गाडी चालू ठेवून बॅटरीचा लग काढून "अल्टरनेटर चार्ज करतोय का बघतो" असं कोणी म्हणालं तर हात धरा त्याचा. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ते चालून जायचं, आता नाही.

आता उपाय. डबा बरोबर आहे, बाजू बरोबर आहे आणि फक्त टर्मिनल वेगळा आहे असं धरून चालतो. पहिला आणि सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे ती बॅटरी न वापरता, पोस्टवर ओरखडा न उमटवता, दुकानदाराकडे परत नेऊन योग्य टर्मिनलची घेणं. एकाच डब्यात दोन्ही टर्मिनल मिळतात, त्यामुळे नाही म्हणायला त्याला कारण नसतं. दोन दिवस थांबावं लागलं तर थांबा.

बॅटरी बदलून मिळत नसेल तर बाकीचं तुमची जोडी कुठली आहे त्यावर अवलंबून आहे.

पोस्ट बारीक आणि लग जाड असेल तर काम सोपं आहे. त्यासाठी शिशाची स्लीव्ह मिळते. ही टोपीसारखी असते, बाजूला एक उभी चीर, आत-बाहेर दोन्हीकडे बरोबर उतार. पोस्ट साफ करायचा, स्लीव्ह वरून दाबून बसवायची, तिच्यावर लग, मग आवळायचं. चीर असल्याने ती पोस्टवर आवळून बसते. लगची फट आणि स्लीव्हची फट एका रेषेत ठेवा म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. पॉझिटिव्हची आणि निगेटिव्हची स्लीव्ह वेगळ्या मापाची येते, जोडीच घ्या. मी या पद्धतीने बसवलेल्या गाड्या चार-चार वर्षं चालल्या आहेत, बॅटरी संपेपर्यंत काही झालं नाही. मीटर लावून बघितलं तरी ०.१ च्या आत असतं.

रात्री रस्त्यात अडकलात आणि स्लीव्ह नाही, तर शिशाची किंवा तांब्याची पट्टी चालते. गुहागरच्या एका मच्छीमार गिऱ्हाइकाने जाळ्याला लावायचं शिशाचं वजन दगडाने चपटं करून पोस्टभोवती गुंडाळलं होतं आणि त्याच्यावर गाडी घरी आणली होती. मी ते काढून पाहिलं, पट्टी एकसारखी जाड होती, सगळीकडून टेकली होती. घरी पोचायला यापेक्षा चांगला उपाय नाही. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल मात्र नको. ॲल्युमिनियमवर लगेच एक न दिसणारा थर चढतो, तो वीज अडवतो, आणि ॲसिडच्या वाफेत फॉइल खाऊन जाते. खिळा किंवा स्क्रू ठोकणं तर अजिबात नको, त्याने पोस्ट फाटतो.

पोस्ट जाड आणि लग बारीक असेल तर गोष्ट अवघड आहे, आणि लोक नेमका इथे सोपा रस्ता शोधतात. स्क्रूड्रायव्हर घालून लग फाकवायचा, हातोडीने ठोकून खाली बसवायचा. पितळी लग तीन मिलिमीटर फाकत नाही, तडकतो. आणि पोस्टवर हातोडीचा घाव म्हणजे बुशाची प्लॅस्टिकमधली बैठक सुटली. पुढे महिन्याभरात पोस्टच्या बुडाशी पांढरी पावडर दिसायला लागते आणि कितीही धुतली तरी परत येते, कारण ॲसिड आतून वर चढत असतं.

इथे बदल करायचाच तर वायरीच्या बाजूने करा, बॅटरीच्या नाही. बारीक लग काढून जाड लग बसवायचा. पण त्याआधी तुमच्या लगला काय काय जोडलेलं आहे ते बघा. पॉझिटिव्हच्या लगवरच मोठ्या फ्यूजचा डबा असेल तर तो लग कापायचा नाही. निगेटिव्हच्या लगवर छोटी डबी आणि तिला बारीक वायरचा कनेक्टर असेल तर तो बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर आहे, तोही कापायचा नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं तशा गाड्यांत हा सेन्सर हमखास असतो. अशा गाडीला ज्या मापाची आणि ज्या जातीची बॅटरी कंपनीने सांगितली आहे तीच घालावी, दुसरा मार्ग नाही. तुमच्या २०१३ च्या गाडीत निगेटिव्हचा लग साधा असेल, पण बघून खात्री करा.

साधा लग असेल तर तो क्रिंप करूनच, म्हणजे यंत्राने वायरीवर दाबूनच, बसवून घ्या. वायरीचं टोक ताजं कापायचं, तांब्याच्या तारा चकचकीत दिसल्या पाहिजेत. काळपट असतील तर आणखी मागे कापायचं. दाबायचं यंत्र ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून लग दाबून घ्यायचा आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवायची. दोन स्क्रूच्या पट्टीखाली वायर दाबून धरणारे तयार लग मिळतात ते मी बसवत नाही. तारा उघड्या राहतात, कोकणच्या खाऱ्या हवेत सहा महिन्यांत हिरव्या होतात. नुसतं कथलाने डाग देऊनही नको. कथील तारांमध्ये वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. आणि एक, कापलं की वायर इंच-दीड इंच आखूड होते. आधीच ताणलेली असेल तर नवीन वायर टाका, ओढून बसवू नका. ताणलेली वायर पोस्टला दिवसरात्र एका बाजूला खेचत राहते.

हे करण्याआधी एक विचार करा: पुढच्या वेळी तुम्ही बारीक टर्मिनलची योग्य बॅटरी आणाल तेव्हा हा जाड लग तिला सैल होईल. तेव्हा स्लीव्ह लागेल. बॅटरीच्या झाकणावर मार्करने "लग बदलला आहे, जाड" असं लिहून ठेवा. गाडी विकलीत तर पुढच्या माणसाला ते उपयोगी पडेल.

अडॅप्टर, ज्याचं तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकने नाव घेतलं, तो जाड पोस्टवर आवळायचा आणि त्याच्या बाजूला किंवा माथ्यावर बारीक खुंटी असते तिला तुमचा लग. वाईट वस्तू आहे असं नाही, पण जोड एकाऐवजी दोन होतात, म्हणजे सैल व्हायच्या जागा दोन. आणि ज्याची खुंटी माथ्यावर असते त्याने उंची वाढते. जेआयएस डब्याचे टर्मिनल आधीच झाकणाच्या वर असतात, त्यावर आणखी दोन-अडीच सेंटीमीटर चढले की बॉनेट जवळ येतं. बॉनेट म्हणजे पत्रा, पत्रा म्हणजे निगेटिव्ह. एका गाडीच्या बॉनेटच्या आतल्या अस्तरावर मला रुपयाएवढा काळा डाग दिसला. अस्तर जळून पत्रा उघडा पडला होता आणि पत्र्यावर डाळीएवढा खड्डा वितळला होता. खाली बरोबर पॉझिटिव्हचा अडॅप्टर. खड्ड्यात आदळताना बॉनेट दबतं, तेव्हा टेकायचं. गाडीने पेट घेतला नाही ते नशीब.

म्हणून पोस्टवर काहीही चढवलं की बॉनेटची उंची मोजा. वायरी जोडण्याआधी, भिजवलेल्या कणकेचा लिंबापेक्षा मोठा गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पॉझिटिव्हच्या माथ्यावर ठेवा. बॉनेट पूर्ण लावा, पुन्हा उघडा. दबल्यावर गोळ्याची जेवढी जाडी उरली तेवढीच मोकळी जागा. दोन बोटांपेक्षा कमी असेल तर त्या गाडीत ते अडॅप्टर नको. जागा असली तरी पॉझिटिव्हवर रबराची टोपी पाहिजेच.

पॉझिटिव्ह पोस्ट निगेटिव्हपेक्षा जाड का असतो, हे सहसा कोणी विचारत नाही. उलटी जोडणी होऊ नये म्हणून. पॉझिटिव्हचा लग निगेटिव्ह पोस्टवर सैल राहतो आणि निगेटिव्हचा लग पॉझिटिव्हवर उतरतच नाही. अंधारात, घाईत हाताला कळतं की काहीतरी चुकलं. कानस मारली, लग फाकवले, दोन्हीकडे एकाच मापाचे तयार लग टाकले की ही राखण गेली. उलटी बॅटरी लागली तर मोठा फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात. बॅटरीच्या एल-आर मध्येही हीच चूक होते. जुनी आणि नवी बॅटरी जमिनीवर शेजारी शेजारी, टर्मिनलची बाजू आपल्याकडे करून ठेवा आणि अधिक चिन्ह एकाच हाताला येतंय का बघा. अक्षरांवर विसंबू नका, डोळ्यांनी बघा.

इथवरचं थोडक्यात: आधी डबा आणि पकड, मग बाजू, मग टर्मिनल. टर्मिनल वेगळा असेल तर बॅटरी बदलून घेणं पहिलं, बारीक पोस्टला स्लीव्ह दुसरं, साधा लग असेल तर लग बदलणं तिसरं. बॅटरीच्या पोस्टला हत्यार कधीच नाही.

कोणी विचारेल की जास्त एएचची बॅटरी लावली तर अल्टरनेटर जातो का. नाही जात. अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज धरून ठेवतो, बॅटरी तिला लागेल तेवढाच करंट घेते. ३५ च्या जागी ४४ असती आणि ती जागेत नीट बसली असती तर तेवढ्याने काही बिघडलं नसतं.

बसवताना क्रम पाळा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण पॉझिटिव्ह सोडवताना दहा नंबरचा पाना चुकून बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेला असेल तर पाना जागेवर चिकटून लाल होतो. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पोस्टवर पावडर असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा, झाकणाच्या बुचांतून ते पाणी आत जाऊ देऊ नका. कोरडं करा, पोस्ट आणि लगचं आतलं अंग पॉलिश पेपरने हलकं उजळा, कानशीने नाही. ती शिशाची धूळ विषारी असते, घरात लहान मुलं असतील तर हे काम बाहेर करा आणि हात साबणाने धुवा. लग दाबून पूर्ण खाली बसवा, पोस्टचा माथा लगच्या बरोबरीला किंवा किंचित वर दिसला पाहिजे. आवळताना मनगटाचा जोर लावा, खांद्याचा नाही. आवळून झाल्यावर हाताने लग फिरवून बघा, हलता कामा नये. मग वरून व्हॅसलीनचा पातळ हात.

आता मेव्हण्यांच्या त्या डिन ४४ चं. ती अपघातातल्या गाडीतली आहे, म्हणून आधी डब्याला केसाएवढी चीर आहे का बघा. वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद ओला किंवा जळाल्यासारखा तपकिरी दिसला तर ती सरळ बॅटरीच्या दुकानात जमा करा, जुन्या बॅटरीचे वजनावर पैसे मिळतात. कागद कोरडा असेल तर मीटर लावा. १२.६ किंवा वर असेल तर ती भरलेली आहे, १२.४ असेल तर चार्ज करून घ्या. १२ च्या खाली बरेच आठवडे पडून असेल तर तिचा भरवसा धरू नका. चांगली निघाली तर ज्यांच्या गाडीला डिन ४४ लागते अशा ओळखीच्या माणसाला द्या, किंवा दुकानात देऊन ३८ बी २० एल घेताना किंमत वळती करून मागा. आठ महिन्यांची आणि पोस्ट शाबूत असलेली बॅटरी दुकानदार घेतो. पोस्टला कानस लागलेली घेत नाही.

नवी बॅटरी बसली की सेल्फ मारताना दोन्ही पोस्टवरचे आकडे मोजा आणि मला कळवा. ०.१ च्या वर कुठेही आलं तर लगचा एक फोटो काढून पाठवा, आतल्या अंगाचा.